लॉन्ड्री रूममधला जुना डिशवॉशर कपडे धुण्याच्या दिवशीच का रुसतो

अमेरिकेत जुनं घर घेतलं की कधी आधीच्या मालकाकडून, कधी शेजारच्या इस्टेट सेलमधून एखादा चाकांवरचा डिशवॉशर पदरात पडतो. मेटॅग, जीईचा मोबाइल मेड, सीअर्सचा केनमोर, किंवा व्हर्लपूलने १९८६मध्ये किचनएड विकत घेण्याआधीचा हॉबार्ट कंपनीचा दणकट किचनएड. स्वयंपाकघरात एक आधीच बसवलेला असतो, म्हणून हा खाली बेसमेंटच्या लॉन्ड्री रूममध्ये, कपड्यांच्या मशीनशेजारच्या खोल टबापाशी जातो. गरम पाणी, निचरा आणि प्लग तिन्ही तिथे हाताशी असतात. गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या पूजेला मोठी पंगत उठली की या दुसऱ्या डिशवॉशरचं मोल कळतं.

मी न्यू जर्सीत ओळखीपाळखीच्या घरांमध्ये अशी यंत्रं लावून देतो आणि दुरुस्त करतो. एकच तक्रार फिरून फिरून येते: कधी भांडी लख्ख निघतात, कधी वाट्यांना डाळ तशीच चिकटलेली. मग लोक पंप बदलायला निघतात. पण झिजलेला पंप रोजच वाईट धुतो. दिवसागणिक निकाल बदलत असेल तर आधी खोली तपासायची, यंत्र नंतर. पाणी, निचरा आणि वीज हा डिशवॉशर कपड्यांच्या मशीनबरोबर वाटून घेत असतो आणि वाटणीत बहुतेक वेळा त्यालाच कमी पडतं.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तरी पुढचं वाचा.

- वरच्या जाळीतली भांडी खरखरीत राहतात. धुताना पाण्याच्या एकसारख्या आवाजाऐवजी मधूनमधून घरघर आणि खळखळ ऐकू येते.
- फेरी संपल्यावर तळाशी करडं पाणी राहतं, त्यात कपड्यांचा कापूस किंवा साबणाचा फेस.
- वाळवण्याच्या टप्प्यावर ब्रेकर पडतो, नाहीतर प्लगमधलं जीएफसीआय (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारं संरक्षण) सुटतं.
- नळाच्या जोडापाशी (डिशवॉशरच्या पाणी घेणाऱ्या आणि मळकं पाणी सोडणाऱ्या दोन्ही नळ्या नळाला अडकवणारा तुकडा) थेंब थेंब गळतं, किंवा जोड काढताना गरम पाणी अंगावर उडतं.
- भांड्यांवर पांढरी पावडर धरते.

तळाशी पेलाभर स्वच्छ पाणी राहणं मात्र बिघाड नव्हे. बऱ्याच जुन्या यंत्रांत ते तसंच राहतं आणि त्यामुळे पंपाचं सील ओलं राहतं. ते टिपून कोरडं करू नका.

आधी फुकटची तपासणी: कपड्यांचं मशीन बंद

कपड्यांचं मशीन आणि ड्रायर पूर्ण बंद ठेवून डिशवॉशरची एक फेरी चालवा. वरच्या मजल्यावर त्या वेळी कोणी अंघोळ करत नसावं. भांडी स्वच्छ निघाली तर पंप, मोटर आणि टायमर ठीक आहेत. अर्धी लढाई इथेच संपते. कित्येक घरांत यापुढे काही करावंच लागत नाही, दोन्ही यंत्रं एकाच वेळी न चालवण्याची शिस्त पुरते.

याचं कारण या यंत्रांच्या रचनेत आहे. बहुतेक जुने डिशवॉशर पाणी मोजून घेत नाहीत, वेळ मोजून घेतात. टायमर ठरावीक सेकंद झडप उघडी ठेवतो आणि बंद करतो. तेवढ्यात जितकं आलं तितकं पाणी. झडपेत रबराची एक लहान चकती असते, ती साधारण २० ते १२० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड) दाबाच्या दरम्यान प्रवाह सारखा ठेवते. दाब २०च्या खाली गेला की त्या चकतीचा काही उपयोग नसतो. शेजारचं मशीन त्याच वेळी भरायला लागलं की नेमकं हेच होतं. तळात पाणी कमी जमतं, पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. ती घरघर हवेची असते. फवारा वरच्या जाळीपर्यंत पोचत नाही.

दाब मोजायला यंत्र नको. दुधाचा अर्ध्या गॅलनचा रिकामा डबा घ्या, टबाचा गरम नळ पूर्ण सोडा आणि घड्याळ पाहा. डबा १४ सेकंदांत किंवा त्याआधी भरला तर पाणी पुरेसं आहे. आता हीच चाचणी कपड्यांचं मशीन भरत असताना करा. दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली तर कारण सापडलं.

दोन्ही वेळा डबा हळूच भरत असेल तर पुढे वाचा.

गरम पाणी

जोड लावण्याआधी टबाचा गरम नळ सोडून हाताला चटका बसेपर्यंत पाणी वाहू द्या, मगच यंत्र लावा. दरवेळी करा. दर भरणीला यंत्र फक्त दोनेक गॅलन पाणी घेतं. पाइपमध्ये साठलेलं थंड पाणी आधी आत गेलं तर पहिली धुणी कोमट पाण्यातच होते आणि तूप, खोबऱ्याचं वाटण, तेलाचा थर जागचा हलत नाही.

स्वयंपाकाचा थर्मामीटर पेल्यातल्या पाण्यात धरा. निदान १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४९ सेल्सिअस हवं. जुन्या पुस्तिका १४० मागतात, कारण तेव्हाचे हीटर तसेच लावलेले असत. आज घराचा हीटर १४०वर नेण्याआधी घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा आहेत का ते बघा. त्या तापमानाचं पाणी काही सेकंदांत गंभीर भाजतं. १२०वर ठेवा आणि जास्त वेळ धुणारी फेरी निवडा, हे मला जास्त पटतं.

लॉन्ड्री रूमचा एक फायदा इथे मिळतो. पाण्याचा हीटर बहुधा त्याच बेसमेंटमध्ये असतो, त्यामुळे पाइप छोटा आणि पाणी लवकर गरम. पण कपड्यांची गरम पाण्याची फेरी नुकतीच झाली असेल तर टाकी अर्धी थंड झालेली असते. तासभर थांबा.

नळ आणि जोड: काही डॉलरांचं काम

टबाच्या नळाचं तोंड स्वयंपाकघरातल्या नळासारखं नसतं. त्याला बहुधा बागेच्या नळीचे पाऊण इंची आटे असतात. डिशवॉशरचा जोड मात्र स्वयंपाकघरातल्या नळाच्या बारीक आट्यांसाठी बनवलेला असतो. मधे एक पितळी अडॅप्टर लागतो. हार्डवेअरच्या दुकानात जोड आणि नळाच्या तोंडाचा फोटो दाखवला तरी मिळतो. एकावर एक तीन अडॅप्टर रचून काम भागवू नका. जोडाचं आणि दोन नळ्यांचं वजन त्या उंच मनोऱ्यावर लोंबकळतं, आटे वाकतात आणि गळती कायमची लागते.

नळाच्या आट्यांवर व्हॅक्यूम ब्रेकर बसवलेला असेल तर तो अडगळ समजून काढू नका. मळकं पाणी घराच्या पिण्याच्या पाण्यात ओढलं जाऊ नये म्हणून तो तिथे असतो.

मग जोड उलटा करून आत बघा. रबरी वॉशर टणक झालाय का? जाळीत गंज, वाळू, चुन्याचे खडे आहेत का? जाळी रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरात ठेवा. जुन्या गॅल्व्हनाइज्ड पाइपांच्या घरात ही जाळी दर काही महिन्यांनी भरते आणि डबा न भरण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

या जागेची आणखी एक सवय मला फार काळजीची वाटते. स्वयंपाकघरात नळ लगेच लागतो म्हणून लोक जोड काढून ठेवतात. लॉन्ड्री रूममध्ये तो महिनोन्‌महिने लावलेला राहतो आणि नळही चालूच. या नळ्या सततच्या दाबासाठी बनवलेल्या नाहीत. चाळीस-पन्नास वर्षांची रबरी नळी रात्री फुटली तर सकाळपर्यंत बेसमेंटमध्ये पाणीच पाणी. फेरी संपली की नळ बंद करा, जोडावरचं बटण दाबून दाब सोडा, मग जोड काढा. बटण न दाबता काढलं की गरम पाणी अंगावर येतं. वर म्हटलेली उडी तीच.

साबण, आणि वाट्या

लॉन्ड्री रूममध्ये साबणाचे दोन डबे शेजारी असतात. घाईत कोणी कपड्यांची पावडर डिशवॉशरमध्ये टाकतं आणि घरभर फेस होतो. फेस म्हणजे पंपासाठी पुन्हा हवाच: फवारा मरतो, दारातून पाणी झिरपतं. डबे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा. फेस झालाच तर यंत्र थांबवून पेलाभर व्हिनेगर आत ओता आणि पाणी बाहेर सोडा.

पांढऱ्या थराचं कारण वेगळं आहे. ही यंत्रं फॉस्फेटच्या पावडरीसाठी आखलेली होती. जुलै २०१०पासून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी डिशवॉशरच्या साबणातलं फॉस्फरस ०.५ टक्क्यावर आणलं आणि कंपन्यांनी देशभर नवी मिश्रणं आणली. नव्या साबणात एन्झाइम असतात. त्यांना काम करायला वेळ लागतो, आणि जुन्या यंत्राची धुणी काही मिनिटांची. म्हणून साधी पावडर वापरा, दोन्ही कप्प्यांत भरा आणि सगळ्यात लांब फेरी निवडा. वड्या आणि पॉड इथे चालत नाहीत, अर्धे विरघळून तळाशी चिकट गोळा होतो. पाणी जड असेल तर महिन्यातून एकदा रिकाम्या यंत्रात दोन मोठे चमचे सिट्रिक अ‍ॅसिड टाकून फेरी चालवा.

वाट्यांचं कारण आपल्याच घरांत जास्त दिसतं. या जाळ्या अमेरिकन ताटल्यांसाठी आखलेल्या आहेत. स्टीलच्या हलक्या वाट्या फवाऱ्याच्या जोराने उलटतात आणि पाणी भरून सरळ बसतात. आठ-दहा वाट्या आणि एक पातेलं भरलं की तळातलं पाणी तेवढं कमी होतं, पंप पुन्हा हवा ओढतो. पाण्याचा दाब उत्तम, झडप उत्तम, तरी लक्षण तेच. वाट्या तिरक्या, एकमेकींना टेकवून ठेवा आणि वरून एक जड जाळी ठेवा. पातेली पालथी. पंगतीनंतर दोन फेऱ्या करा, एकीत कोंबू नका.

टब, कापूस आणि निचरा

तळाशी करड्या पाण्यात कापूस दिसला तर शंकेला जागा उरत नाही. भांड्यांत कापूस नसतो, तो टबातून आला. कपड्यांचं मशीन त्याच टबात मिनिटाला पंधराएक गॅलनच्या वेगाने पाणी ओततं. टबाची गाळणी कापसाने दाटलेली असली की टब भरतो. डिशवॉशरची नळी किंवा जोड त्या पाण्यात बुडला आणि यंत्रातली निचऱ्याची झडप नीट मिटत नसली की मळकं पाणी उलटं आत येतं.

गाळणी साफ करा. कपड्यांच्या मशीनच्या नळीच्या तोंडाला कापूस धरणारी जाळीची पिशवी बांधा, स्वस्तात मिळते, भरली की बदला. जोड टबाच्या काठाच्या वरच राहिला पाहिजे. नळाला छोटी नळी लावून जोड टबात खाली सोडलेला मी अनेक घरांत पाहतो. तो काढून टाका. यात फक्त भांड्यांचा प्रश्न नाही, बुडलेल्या जोडातून मळकं पाणी पिण्याच्या पाइपात ओढलं जाण्याचा धोका आहे.

काही लोक जोड कापून डिशवॉशरची निचऱ्याची नळी कपड्यांच्या मशीनच्या निचऱ्याच्या उभ्या पाइपात खोचतात. एका पाइपात दोन पंप एकदम सुरू झाले की पाणी परत वर येतं. नळीचं टोक फार खाली असेल तर सायफन होऊन धुण्याचं पाणी मधेच निघून जातं आणि यंत्र कोरडं फिरतं. असं करायचंच असेल तर प्लंबरकडून वेगळा निचरा काढून घ्या.

जागा आणि फरशी

बेसमेंटची फरशी जमिनीतल्या जाळीकडे उतरती असते. यंत्र तिरकं राहिलं की आतलं पाणी एका कडेला जातं आणि पाणी जास्त झाल्यास भरणी थांबवणारा फ्लोट चुकीचं वागतो. दाराच्या आत लेव्हल ठेवून पाहा, चाकांखाली लाकडी फळीची पट्टी घाला. कपड्यांचं मशीन पिळताना जोरात हादरत असेल तर डिशवॉशर सरकतो आणि जोडाला ओढ बसते, म्हणून चाकं अडवा.

यंत्र ढकलताना तीन गोष्टींपासून लांब राहा. ड्रायरच्या मागचा वाफेचा पाइप दबला की त्यात कापूस साठतो आणि आग लागू शकते. गॅसच्या हीटरच्या खालच्या हवेच्या वाटा अडू नयेत. आणि विजेच्या पॅनलसमोर ३६ इंच मोकळी जागा हवी, हा नियमच आहे.

लॉन्ड्री गॅरेजमध्ये किंवा थंड कोपऱ्यात असेल तर जानेवारीत झडपेत आणि पंपात उरलेलं पाणी गोठून प्लास्टिक तडकतं. तिथे यंत्र ठेवूच नका.

वीज

लॉन्ड्रीच्या प्लगला बहुधा २० अँपिअरचा एकच सर्किट असतो. डिशवॉशर पाणी तापवताना आणि वाळवताना दहा-बारा अँपिअर खातो. कपड्यांचं मशीन, त्यावर गॅसच्या ड्रायरची मोटर. यंत्रांच्या पाटीवरचे आकडे बेरजेला घ्या, वीसच्या पुढे गेले की ब्रेकर पडणारच. तो आपलं काम करतोय. यावर ३० अँपिअरचा ब्रेकर बसवणं म्हणजे भिंतीतली तार जळू देणं. दोन यंत्रं एकाआड एक चालवा, किंवा इलेक्ट्रिशियनकडून वेगळा सर्किट ओढून घ्या. एक्स्टेन्शन कॉर्ड लावू नका, प्लगची तिसरी दांडी कापू नका.

ब्रेकर नाही, पण जीएफसीआय सुटतंय? ते पाच मिलिअँपिअरच्या आसपासच्या गळतीवर सुटतं. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या यंत्राच्या तापकात (तळाशी असलेल्या तापणाऱ्या दांडीत) दमट हवा शिरते आणि तापायला लागलं की गळती होते. वाळवण्याचं बटण बंद करून फेरी चालवा. आता सुटत नसेल तर संशय तापकावर. जीएफसीआय काढून साधा प्लग बसवणं हा उपाय नाही, पायाखाली ओली फरशी आहे.

आता यंत्र उघडायचं

इतकं करूनही डबा वेळेत भरतो, टब स्वच्छ आहे, मशीन बंद आहे आणि तरी भांडी खराब निघतात, तर प्लग काढा. प्लग हाताने ओढून बाजूला ठेवा, ब्रेकर पाडण्यावर भागवू नका.

तळाची गाळणी काढून धुवा, काचेचे तुकडे आणि लवंगा-मिरे बहुतेक तिथेच अडकतात. फवाऱ्याच्या हाताची भोकं टूथपिकने साफ करा, तो बोटाने मोकळा फिरतो का पाहा. फ्लोट वर-खाली हलवा, चुन्याने अडकला असेल तर यंत्र कमी पाणी घेतं. मागच्या झडपेची जाळी पाहा. झडप बदलायची झाली तर तिच्या जागी चालणाऱ्या सामान्य झडपा अजून मिळतात आणि हे काम पाना धरता येणाऱ्या माणसाला जमतं.

बराच काळ पडून असलेलं यंत्र लगेच चालू करू नका. पंपाचं सील वाळून आखडलेलं असतं. तळात थोडं गरम पाणी ओता, काही तास थांबा, मग चालवा. चालू केल्यावर मोटर नुसती हुंकारत असेल तर त्या क्षणी बंद करा. पंप अडकलाय आणि काही सेकंदांत मोटरमधली तारेची गुंडाळी जळते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- यंत्राला किंवा टबाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. ब्रेकर पाडा, यंत्र वापरू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.
- वाळवण बंद ठेवूनही जीएफसीआय सुटतं, किंवा यंत्राखाली मोटरपाशी पाणी दिसतं. सील गेलंय आणि पाणी विजेजवळ पोचलंय.
- आतल्या तारांचं आवरण हाताला चुरतं, किंवा जळका वास येतो.
- मोटरच्या कपॅसिटरला तेल सुटलंय. प्लग काढल्यावरही त्यात वीज शिल्लक असू शकते, आणि अमेरिकेत १९७९ची बंदी येण्याआधीच्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं. ते तेल हाताला लावू नका, कचऱ्यात टाकू नका, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या.
- घरातल्या सगळ्याच नळांना दाब कमी आहे. तो घराच्या पाइपांचा प्रश्न, प्लंबरचा.
- टब रिकामा होताना फरशीच्या जाळीतून पाणी वर येतं. मुख्य निचरा तुंबलाय. प्लंबर येईपर्यंत घरातलं कुठलंच पाणी सोडू नका, कपड्यांचं मशीनही नाही.
- टायमर मधेच अडकतो किंवा फेऱ्या गाळतो. नवा टायमर मिळणं अवघड, पण जुने टायमर उघडून दुरुस्त करणारे लोक आहेत. काढण्याआधी प्रत्येक तारेचा फोटो घ्या आणि तारांना चिकटपट्टीवर आकडे लिहून लावा, म्हणजे परत आला की जोडणी चुकत नाही.